खंडनातून सलोखा कसा?

‘बौद्ध आचार्यांनी तर इतर मतांचं खंडनच केलं. मग धर्माधर्मांतल्या सलोख्यासाठी त्यांच्याकडून काय घ्यायचं?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून.

वाद कसा घालावा, ते घ्यायचं. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागांनी प्रत्यक्ष (थेट अनुभव) आणि अनुमान (तर्काने काढलेला निष्कर्ष) अशी दोनच प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानली. त्यामुळे ‘आमच्या ग्रंथात लिहिलंय’ एवढ्यावर भागत नाही, मग ते बुद्धवचन का असेना. त्यांच्या परंपरेतला शंकरस्वामींचा ‘न्यायप्रवेश’ हा छोटा ग्रंथ तर बजावतो, की हेतू, म्हणजे आपलं म्हणणं सिद्ध करायला दिलेलं कारण, दोन्ही पक्षांना मान्य हवा. एकालाच मान्य असेल तर तो ‘अन्यतरासिद्ध’, म्हणजे सदोष. ग्रंथातलंच उदाहरण घ्या. ‘शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो’ हे मीमांसकापुढे, म्हणजे वेद नित्य मानणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या अनुयायापुढे, चालत नाही. त्याच्या मते शब्द मुळात असतोच, उच्चाराने फक्त प्रकट होतो. म्हणजे बौद्धाला आधी ‘निर्माण होतो’ हेच सिद्ध करावं लागणार. आजच्या सर्वधर्म चर्चा नेमक्या इथे फसतात. प्रत्येक जण आपल्याच घरचा हेतू पुढे करतो आणि समोरच्याला तो पटत नाही म्हणून चिडतो.

दुसरी गोष्ट पूर्वपक्षाची, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडण्याची, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. आठव्या शतकातले बौद्ध आचार्य शांतरक्षित यांच्या ‘तत्त्वसंग्रहा’त 26 प्रकरणं आणि साडेतीन हजारांहून अधिक कारिका (श्लोक) आहेत. न्याय, सांख्य, मीमांसा, जैन यांची मतं तिथे आधी नीट मांडली जातात, मग उत्तर येतं. मीमांसक कुमारिलभट्टांची ‘बृहट्टीका’ आज मिळत नाही. तिच्यातल्या कितीतरी कारिका हाती आहेत, त्या या प्रतिपक्षाने उद्धृत केल्या म्हणून.

उलट बाजूनेही हेच घडलं. ‘न्यायप्रवेशा’वर वृत्ती (विवरण) लिहिली जैन आचार्य हरिभद्रांनी. ‘तत्त्वसंग्रहा’ची संस्कृत प्रत जैन ग्रंथभांडारात जपली गेली, म्हणून 1926 साली बडोद्याला तो छापता आला.

हे सगळं गोडीगुलाबीत चाललं, असं मात्र समजू नका. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींची लेखणी बोचरी होती आणि वादांमागे राजाश्रयाची स्पर्धाही असे.

तुमच्या गटात करून पाहायचं असेल, तर पहिल्या बैठकीत फक्त दुसऱ्याचा पूर्वपक्ष मांडा. ज्याचं मत आहे त्याने ‘हो, आमचं म्हणणं हेच’ म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. मग दोघांना मान्य असा एक हेतू शोधा. तो सापडेपर्यंत उत्तरपक्षाला, म्हणजे खंडनाला, हात घालू नका.