ओपन हाऊसचा फायदा नेमका कोणाला?

न्यू जर्सीत घर विकायला काढणारी मराठी कुटुंबे पहिल्याच बैठकीत मला एक प्रश्न हमखास विचारतात. रविवारी दुपारी एक ते चार ‘ओपन हाऊस’ ठेवून, म्हणजे अनोळखी लोकांना घरात फिरू देऊन, घर खरोखर विकले जाते का? याचे प्रामाणिक उत्तर असे की, बहुतेक वेळा नाही. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स’ ही एजंटांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी खरेदीदारांची पाहणी करते. आपले घर अंगणातल्या पाटीमुळे किंवा ओपन हाऊसमुळे सापडले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण त्या पाहणीत वर्षानुवर्षे एकआकडी टक्क्यांतच राहिले आहे. तरीही मी ओपन हाऊसचा आग्रह धरते. त्यात एजंट म्हणून माझाही फायदा असतो, आणि तो कोणता हे विक्रेत्याला त्याच बैठकीत सांगणे मला आवश्यक वाटते.

नवे खरेदीदार भेटण्याचा हा फायदा गेल्या काही काळात वाढला आहे. कमिशनच्या पद्धतीविरुद्ध घरविक्रेत्यांनी भरलेल्या खटल्यांत या संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि तिच्यातून आलेले नवे नियम १७ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार खरेदीदाराला आपल्या एजंटाबरोबर घर पाहायला जायचे असेल, तर त्याआधी दोघांमध्ये लेखी करार व्हावा लागतो आणि एजंटाचा मोबदला किती, हे त्यात स्पष्ट लिहावे लागते. ओपन हाऊसला स्वतःहून आलेल्या माणसाला मात्र असा कोणताही करार करावा लागत नाही. नुकतेच दुसऱ्या राज्यातून आलेले, कोणाही एजंटाला न ओळखणारे तरुण जोडपे अनोळखी व्यक्तीबरोबर करार करायला कचरते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. ओपन हाऊसमध्ये त्यांना एजंटाची पारख करता येते. छप्पर किती वर्षांचे आहे, असे विचारल्यावर ती नेमके उत्तर देते की स्वयंपाकघरातल्या नव्या ओट्याकडे विषय वळवते, हे ते पाहतात. नव्या एजंटांना आपल्या ब्रोकरेजमधील, म्हणजे दलाली कंपनीतील, ज्येष्ठ सहकाऱ्याच्या लिस्टिंगचे (त्याने विक्रीसाठी घेतलेल्या घराचे) ओपन हाऊस मागून घ्यायला मी नेहमी सांगते, ते याचसाठी. स्वतःचे एकही लिस्टिंग नसताना काम दाखवण्याची इतकी चांगली संधी त्यांना दुसरीकडे क्वचितच मिळते.

पण याच ठिकाणी मर्यादाही सर्वांत काटेकोरपणे पाळाव्या लागतात. ओपन हाऊसमध्ये उभी असलेली एजंट विक्रेत्याची प्रतिनिधी असते, येणाऱ्याची नव्हे. आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट पुसट होण्याचा धोका जास्त असतो. दारात मराठी ऐकू आले की माणसे मोकळी होतात, गाव विचारतात आणि थोड्याच वेळात “ताई, खरं सांगा, किती कमी करतील? आम्ही अजून थोडे वर जाऊ शकतो,” असे बोलून जातात. खरेदीदार किती वर जाऊ शकतो हे मला कळले, तर ते विक्रेत्याला सांगणे माझे कर्तव्य ठरते. म्हणून मी बोलणे तिथेच थांबवते, मी कोणाच्या बाजूने काम करते आहे ते मराठीतच सांगते आणि आपल्या आवाक्याविषयी स्वतःच्या एजंटाशिवाय कोणाजवळही बोलू नका, असे सुचवते. असे बजावल्याने गिऱ्हाईक हातचे जाते, असे काही सहकाऱ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. अशी माणसे पुढे दुसरे घर शोधताना, किंवा काही वर्षांनी आपले घर विकताना, आठवणीने फोन करतात.

“इथे आपली माणसे किती आहेत?” हा प्रश्नही नेहमीचाच. १९६८ च्या ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’ या संघराज्याच्या कायद्यानुसार वंश, वर्ण, धर्म, मूळ राष्ट्रीयत्व आदी कारणांवरून घरांच्या व्यवहारात भेदभाव करता येत नाही, आणि वस्तीत कोण राहते ते सांगून खरेदीदाराला एखाद्या भागाकडे वळवणे किंवा तिथून परतवणे हेही त्यातच मोडते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मुलांना मराठी बोलणारे सवंगडी मिळावेत, एवढेच त्यांना हवे असते. तरीही उत्तर सर्वांना एकच द्यावे लागते. शाळांची माहिती राज्याच्या संकेतस्थळावर पाहा, प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक हे घ्या, आणि संध्याकाळी या रस्त्यावरून एकदा पायी फिरून या.

माझ्या दृष्टीने ओपन हाऊसची सर्वांत मोठी कमाई मात्र ऐकण्यात आहे. खासगी भेटीनंतर खरेदीदारांचे एजंट अभिप्राय पाठवतात, पण ते इतके सौम्य असतात की त्यांतून हाती फारसे काही लागत नाही. ओपन हाऊसमध्ये माणसे एकमेकांशी बोलतात आणि ते कानावर पडते. एकामागून एक कुटुंबे तळघराच्या पायरीवर थबकून दमट वासाविषयी कुजबुजू लागली, की विक्रेत्याशी कोणत्या दुरुस्तीविषयी बोलायचे ते कळते. २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाच्या पावसाने रॅरिटन नदीकाठच्या मॅनव्हिलसारख्या गावांत जे घडले, ते इथले लोक विसरलेले नाहीत. त्यामुळे पाणी कुठपर्यंत आले होते, तळघरातले पाणी उपसणारा सम्प पंप आहे का, हे प्रश्न येतातच. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत पुराच्या धोक्याची माहिती विक्रेत्याने खरेदीदाराला लेखी देणे बंधनकारक आहे आणि तो कागद वाचल्याशिवाय एजंटाने दारात उभे राहू नये. जुन्या घरांत अंगणाखाली पुरलेल्या, घर गरम ठेवण्याच्या तेलाच्या टाकीची चौकशी होते, वार्षिक मालमत्ता कराचीही होते. या राज्यात त्याची सरासरी दहा हजार डॉलरच्या आसपास आहे. हेच प्रश्न सतत कानावर पडत राहिल्याने एजंटाला आपल्या भागाची जी जाण येते, ती संगणकावर विक्रीचे आकडे चाळून येत नाही. किमतीविषयीही तसेच. लोक भरपूर आले आणि मंगळवारपर्यंत एकही ऑफर आली नाही, तर बहुधा जाहिरात चांगली असते आणि मागितलेली किंमत जास्त असते. विक्रेत्याला हे सांगणे कठीण असते, पण ओपन हाऊसमध्ये जे ऐकले ते नोंदवून ठेवलेले असेल, तर निदान ते केवळ माझे मत राहत नाही.

शेजारीही येतात. ते कुतूहलापोटी येतात, आणि येऊ द्यावे. आपल्या घराला काय भाव येईल याचा अंदाज घेणारे पुढचे विक्रेते त्यांच्यातच असतात. आदल्या दिवशी मी स्वतः त्यांची दारे ठोठावून निमंत्रण देते.

विक्रेत्याची गैरसोय होते, हे खरेच आहे. औषधे, दागिने, पासपोर्ट आणि बँकेचे कागद कुलूपबंद ठेवावे लागतात, आणि मुलाबाळांना घेऊन सगळी दुपार बाहेर काढावी लागते. घरात आजारी वृद्ध असतील, तर मी स्वतःच ओपन हाऊस नको म्हणते. बाकीच्यांना मी एजंटाचा आणि विक्रेत्याचा फायदा वेगवेगळा करून सांगते. तीन तासांत भेटलेले नवे खरेदीदार आणि शेजारी ही माझी मिळकत; त्याच आठवड्यात हाती आलेले स्पष्ट अभिप्राय ही त्यांची. हे ऐकूनही कोणी नको म्हणाले, तर आम्ही वेळ ठरवून खासगी भेटी ठेवतो आणि लिस्टिंग तितक्याच मनापासून चालवतो.