खाडीकाठची राजधानी

रेवदंड्याहून मुरुडला जायचे तर पोर्तुगीजांच्या तटबंदीतून जावे लागते. अलिबागकडून येणारा रस्ताच कोटाच्या आत शिरतो, आणि एसटी नारळी-सुपारीच्या वाड्यांमधून वाट काढत पुढे खाडीवरच्या पुलाकडे निघते. वाड्यांमध्ये बिनछपराची चर्चे उभी आहेत, वरचे खण कधीच गमावून बसलेला सातखणी बुरूज आहे, आणि पाण्यापलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने येथे किल्ला बांधायला घेतलेले आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती ठाणे देऊन निघून गेलेले हे लोक मूळचे जेथले, ती लिस्बन नगरी पाहण्याचा योग मुलीच्या तिथल्या नोकरीमुळे आला.

जूनचा आरंभ म्हणजे कोकणातून बाहेर पडण्याची सर्वांत गैरसोयीची वेळ. मांडव्याची लाँच पावसाळ्यासाठी बंद झालेली, वडखळमार्गे मुंबई गाठताना किती वेळ लागेल याचा नेम नाही, आणि सौभाग्यवतींची आगोट, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी, अर्धवट राहिलेली. उन्हातले सोडे आणि बोंबील जावेच्या स्वाधीन करून त्या मोटारीत बसल्या खऱ्या, पण विमानतळाच्या सुरक्षा तपासणीपर्यंत त्यांचे निम्मे लक्ष गच्चीवरच होते. मेतकूट, भाजणी आणि आमसुले मोठ्या बॅगेत गेली. लोणच्याची बरणी मात्र तेल गळेल या धास्तीने शेवटच्या क्षणी बाहेर काढण्यात आली. पुढे लिस्बनमध्ये तिची आठवण जितक्या वेळा निघाली, तितक्या वेळा माझीही निघाली नसती.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नसल्यामुळे पहाटे निघून आखातात उतरायचे आणि तेथून सुमारे आठ तासांचा दुसरा पल्ला गाठायचा, असा प्रवास होता. पोर्तुगीजांची जहाजे वसंतात लिस्बन सोडत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा हिशेब साधून सहाएक महिन्यांनी गोव्याला लागत, हे वाचलेले होते. त्यामुळे आठ तासांच्या बैठकीला कंटाळणे मला थोडे लाजिरवाणे वाटत होते, तरी कंटाळा आलाच. विमानातल्या हवेविषयी मात्र कोकणी माणसाची तक्रार खरी आहे. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराहूनही वर बसून जेवल्यासारखे होते, आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली गेलेली असते. ज्याने जन्मभर दमट हवेत श्वास घेतला, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले आणि कपाटातल्या पुस्तकांची बुरशी झटकली, त्याचे नाक या कोरडेपणाने दोन तासांत चरचरू लागते. या हवेत जिभेलाही मीठ आणि गोड कमी जाणवते, म्हणून तिथले जेवण अळणी वाटते. सौभाग्यवतींनी हे स्पष्टीकरण शांतपणे ऐकून घेतले आणि लोणच्याचा विषय पुन्हा काढला.

विमान सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जात असल्याने दिवस संपता संपत नाही. दुपारी उतरलो तेव्हा घरी संध्याकाळ झाली होती. झोपायचे नाही, अशी मुलीची सक्त ताकीद होती, आणि जूनमध्ये लिस्बनचा सूर्य रात्री नऊपर्यंत मावळत नसल्यामुळे झोपण्याला निमित्तही सापडत नव्हते. शरीर मात्र कोणाचे ऐकत नाही. तिथले दीड म्हणजे आमचे सकाळचे सहा. नळाला पाणी येण्याच्या वेळी उठायची सवय असलेले आम्ही दोघे बरोबर दीडला टक्क जागे झालो आणि उजाडण्याची वाट पाहत मुलीच्या स्वयंपाकघरात चहा करून प्यायलो.

या अवेळी जागेपणाचा एक लाभ असा झाला, की पर्यटकांनी भरण्यापूर्वीचे शहर आमच्या वाट्याला आले. उजाडताच उतारावरून खाली चालत गेलो, तो थेट प्रासा दु कोमेर्सियु या नदीकाठच्या भव्य चौकात पोहोचलो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, त्यामागोमाग समुद्राची लाट आणि मग आग, अशा तिहेरी तडाख्यात येथला राजवाडा नष्ट झाला. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल या मंत्र्याने हा सगळा सखल भाग सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांनी नव्याने आखला. चौकाच्या पाण्याकडच्या बाजूला दोन खांब आहेत आणि त्यांच्यामधून दगडी पायऱ्या तेजो नदीत उतरतात. माहितीपुस्तिकेत या पात्राला नदी म्हटले आहे, म्हणोत बापडे. खालच्या पायऱ्यांवर हिरवे शेवाळ होते, त्याच्या खाली काळपट ओली रेघ, आणि पाणी त्या रेघेपासून हातभर मागे सरलेले. ओहोटी लागून फार वेळ झाला नव्हता, हे सांगायला पुस्तिका लागत नाही. ज्या पाण्याला भरती-ओहोटी आहे आणि ज्याच्या काठाला खारट चिखलाचा वास आहे, त्याला आमच्याकडे खाडी म्हणतात.

मी मनातल्या मनात तिथी मोजली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा आडाखा तेथे चालत नाही, कारण भरतीची घटका प्रत्येक बंदराची निराळी असते. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, हा क्रम तेथेही चुकत नाही. पुढे रोज सकाळी त्या पायऱ्यांपाशी जाऊन पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले आहे ते पाहायचे, असा माझा नेमच झाला, आणि राजधानीतल्या कोणत्याही संग्रहालयापेक्षा मला त्यात अधिक गोडी वाटली हे मान्य करायला हवे. परक्या शहरात पहिले काही दिवस माणूस आपल्या गावाचीच मापे लावत फिरतो. त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही, दुसरी मापे आणायची तरी कोठून?

लिस्बनच्या बेलें या नदीकाठच्या भागात अर्थातच गेलो. जेरोनिमुश मठाच्या बांधकामाला १५०१ मध्ये सुरुवात झाली आणि त्याचा खर्च आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावरील पाच टक्के करातून निघाला, म्हणजे त्या नक्षीदार खांबांत मलबारच्या मिऱ्यांचा वाटा आहे. आत शिरताच वास्को द गामाची शवपेटी आहे, तिच्यावर जहाज कोरलेले आहे. १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज त्याने माणसांसकट जाळले होते. दगडावर कोरण्यासाठी त्यातले काही निवडलेले दिसत नाही. जवळच नदीकाठी बेलेंचा मनोरा आहे आणि त्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचे झिजलेले शिल्प आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक जिवंत गेंडा गोव्यातून जहाजावर चढवण्यात आला आणि सुमारे चार महिन्यांनी, २० मे १५१५ रोजी, लिस्बनला उतरला. लांबच्या प्रवासाची कुरकूर करण्याचा खरा अधिकार त्या प्राण्याचा. मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात दुधा-अंड्याच्या पुरणाच्या गरम टार्टसाठी रांग लागते. वर भुरभुरायला दालचिनी देतात. रांगेचे सार्थक होते, एवढे सांगून पुढे जातो.

कार्मु मठात मात्र आम्ही बराच वेळ बसलो. १७५५ च्या भूकंपात या चर्चचे छप्पर कोसळले आणि ते पुन्हा घातले नाही. कमानी तेवढ्या आकाशाखाली उभ्या आहेत. पडके चर्च आम्हांला नवे नाही, पण पडके चर्च इतके नीट ठेवलेले आम्ही प्रथमच पाहत होतो. भिंतींतून पिंपळ उगवलेला नाही, सुपाऱ्या वाळत घातलेल्या नाहीत, दाराशी तिकीट आहे आणि आत पुरातत्त्व संग्रहालय. “आपल्या कोटात एवढं झाडून ठेवायचं म्हटलं तर किती गडी लागतील हो?” असे सौभाग्यवतींनी विचारले. मी हिशेब करू लागलो आणि वाडीच्या शिंपण्याच्या मजुरीपाशी अडकलो.

खरी ओळख पटली ती माशांच्या बाबतीत. महाराष्ट्रात १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. लिस्बनमध्ये नेमक्या त्याच महिन्यात तारलीचा हंगाम भरात असतो. १२ जूनच्या रात्री संत आंतोनियुच्या उत्सवात अल्फामा या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून घरोघरी दाराबाहेर जाळ्या मांडून अख्ख्या तारल्या, जाड मीठ लावून, निखाऱ्यावर भाजतात आणि पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात. तेल पावात मुरते, म्हणून पाव शेवटी खायचा. हळद नाही, तिखट नाही, आगळ नाही. तरी चव लागली, कारण मासळी ताजी होती. वाणसामानाच्या दुकानात मिठात वाळवलेला कॉड मासा फळकुटासारखा ताठ उभा करून ठेवलेला असतो आणि गिऱ्हाईक सांगेल तसा यंत्राच्या पात्यावर कापून देतात. सौभाग्यवतींनी तो हातात घेऊन वाकवून पाहिला, कडेला नख लावले, वास घेतला आणि उन्हाचे वाळवण बरे झाले आहे असा निर्वाळा दिला. दुकानदारीणबाईंना शब्द कळला नसला तरी अभिप्राय कळला असावा, कारण त्यांनी लगेच आतून अधिक जाड तुकडा काढून दाखवला.

मग एका संध्याकाळी मुलीने पलीकडच्या काठावर कासिल्याशला नेले. बोटीला दहाएक मिनिटे लागतात, आणि तिच्यात बहुतेक कचेरीतून घरी परतणारे लोक असतात. उजव्या हाताला १९६६ मध्ये खुला झालेला लांबलचक झुलता पूल दिसतो. त्याला आधी सालाझार या हुकूमशहाचे नाव होते, १९७४ च्या क्रांतीनंतर त्या क्रांतीची तारीख म्हणजे २५ एप्रिल हेच नाव मिळाले. पाण्यावर आल्यानंतरच शहराची ठेवण मला नीट समजली: सात टेकड्यांची म्हणतात ती राजधानी खाडीच्या तोंडाशी पाण्याकडे तोंड करून बसलेली आहे, आमच्या कोर्लईने बसावे तशीच, फक्त तिच्या पाठीशी राज्य होते.

बोट सगळी काचबंद होती, वारा म्हणून लागत नव्हता. मांडव्याच्या लाँचवर थोडे जास्त पैसे दिले की वरच्या उघड्या डेकवर बसता येते, हे मी मुलीला दोनदा ऐकवले. पोर्तुगालमध्ये प्रत्येक दुकानदाराने आणि वाहतूकदाराने तक्रार नोंदवण्याची वही ठेवलीच पाहिजे, असा कायदा आहे. “बाबा, धक्क्यावर वही आहे,” मुलगी म्हणाली, “लिहा त्यात. मराठीत लिहिलंत तरी त्यांना उत्तर द्यावं लागेल.” सौभाग्यवतींनी पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरले.