काट्यावरची वही

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या काजू कंपनीच्या मालकांचा फोन आला. पडद्यावर काजूबीचा सरासरी खरेदी दर बाजाराच्या निम्म्याहून कमी दिसत होता. नवी संगणकप्रणाली मी बसवलेली, म्हणून उत्तरही मलाच द्यायचं होतं. कारकून चुकीचे आकडे भरत असणार, असं धरूनच मी पणजीहून वाळपईच्या खरेदी केंद्रावर गेलो.

काट्यासमोर रांग होती. एका बाईंनी दोन पोती ठेवली आणि म्हणाल्या, "दर मागीर." कारकूनकाकांनी वजन घेतलं, ओलसर बियांचा कडता, म्हणजे वजनातली कपात, लावला आणि संगणकात दर टाकला: १ रुपया.

"काका, हे काय?"

"दर नंतर ठरतो, साहेब. बाजार वर जाईल म्हणून लोक माल ठेवून जातात. तुमचा संगणक दराशिवाय पुढे जात नाही. नंतर बदलायला गेलं तर बदलूही देत नाही." खरा हिशोब त्यांच्या लाल वहीत होता.

एकदा भरलेला दर बदलू न देणारं ते कुलूप मीच लावलं होतं, लेखापरीक्षणासाठी. काजूगराच्या प्रतवारीत मात्र कुठे कसर ठेवली नव्हती. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, हे मला पाठ होतं. प्रणालीत काय काय हवं याच्या मागणीपत्रकावर खरेदीप्रमुखांची सही होती, पण ते काट्यावर कधी बसत नाहीत आणि मीही आठ महिन्यांत एकदा आलो नव्हतो. व्यवसाय आणि संगणकप्रणाली यांचा मेळ का बसत नाही, याचा अभ्यास करणाऱ्या जेरी लुफ्तमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली त्यातल्या अडथळ्यांची यादी मांडली, त्यात व्यवसाय आणि तंत्रज्ञान विभागांत जवळचं नातं नसणं सर्वांत वर आहे. मी ती वाचलेली होती.

दराचा रकाना ऐच्छिक करणं तासाभराचं काम. पण दर ठरेपर्यंत माल कुणाचा? वाळून वजन घटलं तर घट कुणाची? हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं, आणि कंपनीत ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी मालकांना आणि हिशोबनिसांना तिथेच बोलावून घेतलं.

मालक म्हणाले, "माल आपलाच." हिशोबनीस म्हणाले, "मग देणं किती दाखवू?" शेवटी काकांनी वही उघडली. "दर लागेपर्यंत माल शेतकऱ्याचा. पण कडता एकदाच, पहिल्या दिवशी. पुढची घट आपली. वीस वर्षं असंच चाललंय."

मालकांनी ती तीन वाक्यं माझ्याकडून कागदावर लिहून घेतली आणि खाली सही केली. आवक पावती वेगळी आणि दराची पट्टी वेगळी, असा नवा नमुना मी त्याच टेबलावर, काकांना विचारत विचारत काढला.