पंप चालू, पाणी जागच्या जागी

आमच्या इंदुरात पूल म्हटला की बहुतेक टाइल्सचाच, निळी मोझॅइक लावली की काम झालं. पण मागे बिचोलीकडे एका बंगल्याचं काम आलं, आपलेच मराठी लोक, काका बँकेतून रिटायर झालेले, आणि त्यांना प्लास्टर फिनिशच पाहिजे होतं, व्हाइट सिमेंट आणि मार्बल पावडरचं. मुलानं बाहेर कुठेतरी पाहिलं होतं आणि ते डोक्यात बसलं. प्लास्टरवाली पार्टी बाहेरगावची, काम मात्र चांगलं केलं होतं, घोटाई एकदम गुळगुळीत. त्यांनी पैसे घेतले आणि गेले. पंप, फिल्टर, पाइपिंग आणि पाणी चालू करून पूल हातात देणं हे माझ्याकडे.

लोकांना वाटतं प्लास्टर झालं, पाणी भरलं, आता उड्या मारा. तसं नसतं. नव्या प्लास्टरमधून कितीतरी दिवस चुना सुटत असतो, तो पाण्यात उतरला की पीएच चढतो आणि मग त्याचीच पांढरी भुकटी होऊन तळाला बसते. आम्ही तिला नुसतं डस्ट म्हणतो. ती वेळेवर हलवली नाही तर बसल्या जागी धरते आणि मग जन्मभर पायाला खरखर लागते. म्हणून पहिले ७२ तास पंप बंदच करायचा नाही, रात्रंदिवस चालू, आणि रोज दोनदा नायलॉनच्या ब्रशनं भिंती आणि तळ घासून काढायचा म्हणजे डस्ट पाण्यात उठते आणि फिल्टर ती धरतो. क्लोरीन पहिले काही दिवस नाही, मीठवाली सिस्टिम असेल तर मीठ २८ दिवस नाही, चाकांचं व्हॅक्यूम नाही, आणि आत कोणी उतरायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण नातवंडं सुट्टीला आलेली आणि ट्यूब फुगवून तयारच बसलेली.

पाणी भरायचाही एक नियम आहे, एकदा सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही, नाहीतर जिथे थांबलं तिथे भिंतीवर रेघ उठते ती दिसतच राहते. पूल साधारण १ लाख लिटरचा. बोअर चालू ठेवला आणि जोडीला टँकर, कारण नुसतं बोअरचं पाणी नको होतं, आपल्याकडचा काळा दगड, पाणी जड, त्यात प्लास्टरचा चुना म्हणजे डबल. पाइपाच्या तोंडाला जुना टॉवेल बांधून तो सगळ्यात खोल जागी सोडला, धार थेट प्लास्टरवर पडली तर खड्डा पडतो. काका शेजारी खुर्ची टाकून बसलेले, त्यांनी नर्मदेची गोष्ट काढली, १९७८ मध्ये नळाला नर्मदा आली तेव्हा लोकांनी कशी पूजा केली वगैरे. पाणी तिकडे मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, ७० किलोमीटर, आणि नुसतं लांबून नाही तर घाट चढून वर येतं. म्हणजे अख्खं इंदूर पंपावरच चालतंय, तुझा एक बंद पडला तर काय बिघडतं, असं काकांचं म्हणणं. हसलो मी.

पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाच्या मधोमध आलं तसा पंप चालू केला. त्याआधी पंपाची जाळी उघडून पाहिली तर थर्मोकोलचे तुकडे, बाइंडिंग वायर आणि बिडीचं अख्खं बंडल. हे नेहमीचंच, बांधकामवाल्यांना उघडा पाइप दिसला की त्यात काहीतरी टाकल्याशिवाय करमत नाही. मल्टिपोर्ट म्हणजे फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, तो आधी बॅकवॉशवर, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टरची वाळू धुवायची, नवी वाळू असते तिची माती निघते, काचेत पाणी साफ दिसलं की पंप बंद, हँडल रिन्सवर, परत बंद, मग फिल्टरवर. पंप चालू असताना हँडल फिरवलं तर आतलं गॅस्केट जातं, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो आणि निम्मे तरी फिरवतातच. फिल्टरच्या प्रेशर गेजचा काटा १२ पीएसआयवर थांबला. तिथे मी काचेवर मार्करनं ठिपका केला आणि काकांना म्हटलं, काटा इथून ८-१० वर चढला की बॅकवॉश. चढला की काय करायचं ते सांगितलं. उतरला तर काय, हे कोण विचारतो.

काकूंचा वेगळाच विषय. दोन एचपी म्हणजे दीड किलोवॉट, दिवसरात्र म्हणजे ३६ युनिट, त्यांनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडून ठेवलं होतं. "रात्री कोण बघतंय तुमचं पाणी, रात्री तरी बंद ठेवा." म्हटलं काकू, रात्रीच तर डस्ट बसते, तीन दिवस सोसा, मग हळूहळू आठ तासांवर आणतो.

दुसऱ्या रात्री वावटळ आली, मे महिन्यात येते तशी, झाडं पडली, लाइट गेली. काकांना सांगून ठेवलं होतं की लाइट आली की स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, व्हॉल्व्ह कशालाच हात लावायचा नाही. पहाटे लाइट आली, काकांनी बटण दाबलं, पंप आवाज करायला लागला, काका झोपले. सकाळी फोन, अरे पाणी दुधासारखं झालंय, तू ये आधी. पोह्यांची प्लेट नुकती हातात आलेली, वर सेव-जिरावन पडलेलं, तशीच पोराच्या हातात दिली आणि निघालो.

जाऊन पाहतो तर खरंच दूध, तळ दिसेना. पंप चालू, आवाज नेहमीपेक्षा थोडा घरघर, पण चालू. फक्त पाण्याच्या वर काहीच हालचाल नाही, इनलेटसमोर, म्हणजे फिल्टरचं पाणी परत पुलात येतं तिथे, पाणी जरा तरी उकळ्या मारतं ना, तेसुद्धा नाही. आणि गेजचा काटा ३ वर, माझ्या ठिपक्याच्या किती खाली.

माझ्या हेल्परनं लगेच निदान केलं, "भिया, हवा ले रिया है." त्याला प्रत्येक पंप हवाच घेताना दिसतो. पण जाळीचं झाकण पारदर्शक असतं, आत पाणी गच्च भरलेलं, एक बुडबुडा नाही. झाकण उघडलं, जाळी साफ, रिंग जाग्यावर. सक्शनचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. मल्टिपोर्ट फिल्टरवर. फिल्टर चोक म्हणावं तर काटा वर गेला असता, हा खाली. म्हणजे पंपच ढकलत नाहीये, आणि कालपर्यंत नवाकोरा ढकलत होता.

तेवढ्यात काका ॲसिडचा कॅन घेऊन आले, "थोडं टाकू का, साफ होईल." मी जवळजवळ कॅन हिसकावलाच. पीएच चढलेला होता हे खरं, टेस्टरमधला रंग पार जांभळा, आणि ॲसिड लागणारच होतं. पण ॲसिड पाण्यापेक्षा जड. पाणी फिरत नसताना ओतलं तर ते सरळ तळाला जाऊन बसतं आणि नवं प्लास्टर तिथे खाऊन टाकतं. आधी पाणी फिरलं पाहिजे, मग बादलीत पाणी घेऊन त्यात ॲसिड, आणि तेही थोडं थोडं.

मी डोकं खाजवत उभा, आणि काकू वरून ओरडल्या, "अहो, तासभर बोअर चालू आहे, वरची टाकी अजून अर्धीसुद्धा नाही! तुमच्या पुलानं बोअर आटवला आमचा!"

बास. बोअर आणि पुलाचा पंप, दोघांची एकाच रात्री ताकद कशी जाईल? दोघांत सारखं एकच, दोन्ही थ्री फेज, म्हणजे तीन फेजच्या तीन तारांवर चालणारे, आणि एकाच पॅनलवर. रात्री कोणीतरी खांबावर तुटलेली लाइन जोडली होती आणि जोडताना फेज आपसात बदलले होते. थ्री फेज मोटरचे दोन फेज बदलले की मोटर उलटी फिरते. गंमत म्हणजे उलटा फिरला तरी असला पंप पाणी त्याच दिशेला ढकलतो, फक्त दम नसतो, म्हणून बघणाऱ्याला सगळं बरोबरच वाटतं. लाइट आली, बल्ब लागले, फ्रिज चालू, पंखा सरळ, कारण ते सगळं सिंगल फेजवर, त्यांना काय फरक पडतो.

खात्री करायला पंप बंद केला आणि मोटरच्या मागच्या झाकणाजवळ खाली बसून टॉर्च मारला. चालू असताना पंख्याची पाती दिसत नाहीत, नुसती धूसर चकती. पण बंद होताना शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत एकेक पातं वेगळं होतं, आणि ती पाती झाकणावरच्या बाणाच्या बरोब्बर उलट जात होती. हेल्परला दाखवलं, तो म्हणे, "ये तो उल्टा घूम रिया है." तेव्हा कुठे हवेची गोष्ट त्यानं सोडली. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चक्र, नुसता आट्यांवर असता तर उलटं फिरून सुटून आला असता, आमच्यात लॉकचा स्क्रू होता म्हणून वाचलो.

मेन पाडला, टेस्टरनं तपासलं आणि पॅनलवर येणाऱ्या तीन वायरींपैकी दोन आपसात बदलल्या, म्हणजे बोअर आणि पूल दोन्ही एकदम सरळ. बटण दाबलं, काटा उठला आणि ठिपक्यावर येऊन थांबला. इनलेटसमोर पाणी हललं. मग दोघं ब्रश घेऊन लागलो, उथळ बाजूनं खोल बाजूकडे, तळाच्या जाळीकडे ढकलत. डस्ट इतकी की दुपारपर्यंतच काटा २० च्या वर, बॅकवॉश केला तर बाहेर पांढरं पाणी.

आणि इथे संपलं असतं तर बरं होतं. गावातल्या चक्कीवाल्याचीही मोटर उलटी फिरत होती, त्यानं सकाळपासून बोंब मारलेली. दुपारी लाइनवाले आले, लाइट पाडली आणि खांबावरची जोडणी सरळ करून गेले. म्हणजे चक्की सरळ आणि आम्ही परत उलटे! मी ब्रश मारत होतो, लाइट आल्यावर काकांनी शहाण्यासारखं हिरवं बटण दाबलं आणि तीच घरघर. या वेळी हेल्परच गेजकडे पळाला, काटा परत ३ वर. पुन्हा मेन पाडला, पुन्हा वायरी जशा होत्या तशा.

संध्याकाळी महाराणी रोडवरून फेज सिक्वेन्सवाला प्रिव्हेंटर आणून पॅनलमध्ये बसवला, फेज उलटे आले की तो मोटर चालूच होऊ देत नाही. हा पॅनलवाल्यानं आधीच द्यायला हवा होता, कोटेशनमध्ये लिहिलेलासुद्धा होता. काका म्हणाले, पण मग रात्री पंप बंदच राहील की. म्हटलं काका, बंद राहिला तर आवाज येणार नाही आणि तुम्ही उठून मला फोन कराल, उलटा चालला तर तुम्ही निवांत झोपाल.

सकाळचे तास वाया गेले म्हणून ७२ तास मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. काकूंनी कॅलेंडरवर आणखी ३६ लिहिले आणि माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. ॲसिड रोज थोडं थोडं दिलं तसा पीएच हळूहळू ७.६ च्या आसपास आला, पाणी आधी निळसर दूध, मग धुकट, आणि एक दिवस तळाच्या जाळीची भोकं मोजता यायला लागली. नातवंडांची सुट्टी संपायच्या आत त्यांना आत सोडलं.

पायऱ्यांच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा पट्टा खरखरीत राहिला. पाणी तिथे मुळातच कमी फिरतं आणि त्या पहाटे डस्ट तिथेच सगळ्यात जास्त बसली होती. पुढे कधी पाणी काढायची वेळ आली तर पॉलिश पेपरनं घासून देईन असं सांगितलंय. तोपर्यंत आलेल्या पाहुण्याला काका तो पट्टा पायानं चाचपायला लावतात आणि काकू त्या महिन्याचं बिल दाखवतात.