लंडन फळ्यावर आणताना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ असतील. ज्या वर्गांत इंग्रजीची गोडी लागली, त्या वर्गांसाठी मी एक तयार पाठ देते: आठवी-नववीला लंडन कसं शिकवावं.

एका तासात सहाच स्थळं घ्यावीत. टॉवर ब्रिज १८९४ साली खुला झाला, लंडन आय हा नदीकाठचा मोठा पाळणा १३५ मीटर उंच आहे, ही माहिती मुलं चटकन उचलतात. अडतं ते 'द'पाशी, कारण मराठीत त्याला जोड नाही. नदीला, संग्रहालयाला आणि मधे 'ऑफ' असलेल्या नावाला 'द' लागतो: द टेम्स, द ब्रिटिश म्युझियम, द टॉवर ऑफ लंडन. ट्रफाल्गर स्क्वेअर, हाइड पार्क, बकिंगहॅम पॅलेस यांना नाही. टॉवर ब्रिज आणि द टॉवर ऑफ लंडन प्रत्यक्षात शेजारी आहेत. ही जोडी फळ्यावर अगदी आधी लिहावी. 'द'सकट नाव लिहिलं तरच ते 'द'सकट लक्षात राहतं.

'म्युझियमला भेट दिली' यातला 'ला' मुलं इंग्रजीत नेतात आणि 'व्हिजिटेड टू द म्युझियम' लिहितात. क्रियापदानंतर 'टू' नाही. 'अ व्हिजिट टू' या नामानंतर मात्र हवाच. दुसरी चूक 'वॉज' गळण्याची. मराठीत 'पूल १८९४ साली खुला केला' एवढ्यावर भागतं, म्हणून वहीत 'टॉवर ब्रिज ओपन्ड बाय द प्रिन्स ऑफ वेल्स' असं येतं आणि पुलानेच कुणाचं तरी उद्घाटन केल्यासारखं होतं!

रस्ता सांगण्याचा सराव जोडीने घ्यावा. दोघांना एकच नकाशा, पण प्रत्येकाच्या नकाशात वेगळी तीन स्थळं कोरी. मुलं पाठीला पाठ लावून बसवावीत. समोरासमोर बसली की बोटाने दाखवतात आणि बोलणं संपतं. सुरुवात सगळ्यांची वेस्टमिन्स्टर स्टेशनपासून, नाहीतर डावं-उजवं जुळत नाही. वेस्टमिन्स्टर ब्रिज ओलांडा, डावीकडे वळा, नदीकाठाने सरळ चाला: लंडन आय डाव्या हाताला. यात 'क्रॉस', 'टर्न लेफ्ट', 'गो अलाँग', 'ऑन युअर लेफ्ट' चारही येतात. दहा मिनिटं पुरतात.

उच्चार आधीच पक्के करावेत: थेम्स नव्हे टेम्स, ग्रीनविच नव्हे ग्रेनिच, लेस्टर स्क्वेअर. आणि बिग बेन हे घंटेचं नाव. ती ज्यात आहे त्या घड्याळाच्या मनोऱ्याला २०१२पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात.

लेखनाला मी १०, किंग हेन्रीज रोड देते. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं. पहिल्या वाक्यात 'लिव्ह्ड', दुसऱ्यात 'वॉज बॉट बाय'. या घराबद्दल मुलं पाच वाक्यं मागितली तर आठ लिहितात, आणि 'वॉज' सहसा गळत नाही.