भाड्याच्या घराच्या बागेत डेक टाइल्स बसवताना

पुण्यात तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने घेतला, त्याच्या मागे छोटी बाग होती. जागा सुंदर, पण पावसाळाभर चिखल. करार ११ महिन्यांचा. तेवढ्यासाठी कोण एवढं करतं, असं बरेच जण म्हणाले. मला मात्र त्या ११ महिन्यांत रोज संध्याकाळी बाहेर बसायचं होतं.

सिमेंट-काँक्रीट करता येणार नव्हतं, म्हणून एकमेकांत अडकणाऱ्या डेक टाइल्स निवडल्या. वर बाभळीच्या जातीच्या अकेशियाच्या पट्ट्या, खाली प्लास्टिकची जाळी. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या टाइल्सना तेलपाणी लागत नाही, पण त्या उन्हात फार तापतात, आणि मला अनवाणी चालायचं होतं. घरमालक काकूंना फोटो पाठवले, "काकू, जाताना सगळं काढून माती परत भरून देईन," असं कळवलं आणि त्यांचा होकार लेखी मागून घेतला. हे आधी कराच. टाइल्सखालचं गवत मरतं आणि नंतर तोच वादाचा मुद्दा होतो.

खरं काम टाइल्सचं नाहीच, खालच्या जमिनीचं आहे. काळ्या मातीवर नुसत्या टाइल्स टाकल्या तर माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाइल्स डुगडुगतात. म्हणून वरची ३ इंच माती काढून गोण्यांत भरून ठेवली. लव्हाळा खुरप्याने गड्ड्यांसकट उपटला, कारण त्याचे कोंब वर अंथरलेलं कापडसुद्धा भोसकून वर येतात. मग धुम्मस मारून जमीन ठोकून बसवली, जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं आणि त्यावर २ इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा पसरला. कापडातून पाणी झिरपतं. प्लास्टिकच्या कागदावर ते साचून डास होतात. शिवाय कापड असलं की कच मातीत मिसळत नाही, जाताना सहज उचलता येते.

ढाळ भिंतीपासून बाहेर, ८ फुटांत १ इंच. त्यासाठी ओळखीच्या गवंड्याकडून लेव्हल पाइप (पातळी बघायची पाण्याची नळी) आणि गुण्या (काटकोन बघायचं साधन) मागून आणला. पहिली ओळ गुण्यात बसली की पुढचं सगळं सरळ जातं, त्यामुळे दोरी बांधून तिथे मनसोक्त वेळ घेतला. टाइल ३० सेंटिमीटरची, जागा १० बाय ८ फूट. म्हणजे १० बाय ८ अशा ८० टाइल्स न कापता बसल्या आणि कडेला ४-५ सेंटिमीटर फट उरली. ती हवीच होती, पावसात लाकूड फुगतं. तिथे गोटे भरले. खटाखट अडकवायचं काम तर एका दुपारीच झालं!

कोपऱ्यातल्या ड्रेनेजच्या चेंबरवर आलेल्या टाइल्स एका दमात उचलता येतील अशा ठेवल्या. पावसाळ्याआधी सगळ्या पालथ्या करून वाळवी पाहिली, खालचा पाचोळा झाडला आणि लाकडाला जवसाचं तेल लावलं.

घर सोडताना टाइल्स आणि कच उचलली, गोण्यांतली माती पसरली. काकूंनी बाग पाहिली आणि डिपॉझिट पूर्ण परत दिलं. आता नव्या घराच्या गच्चीवर त्याच टाइल्स थेट फरशीवर लावल्या आहेत. तिथे खाली काही लागत नाही, फक्त पावसाच्या पाइपाच्या तोंडावरची टाइल मधूनमधून उचलून जाळी साफ करते.