वसई, पुणे, सातारा: तीन तहनाम्यांच्या वाटेवर तीन दिवस

माझ्या मामांची सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. खरेदीखत असो की गहाणखत, दस्त हातात आला की ते आधी चतुःसीमा वाचतात, मग अटी, आणि रक्कम सगळ्यात शेवटी. मागच्या डिसेंबरात त्यांना घेऊन मी वसई, पुणे आणि सातारा असा तीन दिवसांचा प्रवास केला. पिशवीत इंग्रजांशी झालेल्या तीन तहांच्या कलमांची टिपणं होती: वसई १८०२, पुणे १८१७, सातारा १८१९. लढायांच्या जागा पाहायला लोक जातातच. पण मराठी राज्य रणांगणावर जायच्या आधी कागदावर गेलं, आणि ते याच क्रमाने पाहिलं तर कळतं. म्हणून तुम्हीही सुरुवात वसईपासून करा, पुण्यापासून नको.

चर्चगेटहून सकाळची विरार लोकल धरा. त्या वेळी गर्दी उलट दिशेला असते, बसायला जागा मिळते. वसई रोडला पश्चिमेला उतरलं की किल्ल्यापर्यंत बस, रिक्षा दोन्ही आहेत. किल्ल्याचा पसारा मोठा आहे. अडीच तास तरी हाताशी ठेवा, पाणी भरून न्या, आणि आत रान माजलेलं असतं म्हणून चपला घालून जाऊ नका.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ही वसई पोर्तुगीजांकडून घेतली, तीही किती माणसं गमावून. त्यांच्याच भावाचा नातू, दुसरा बाजीराव, ६३ वर्षांनी इथे आश्रयाला आला. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजा उधळल्या. बाजीराव सिंहगड, रायगड, महाड करत किनाऱ्याला लागला आणि समुद्रमार्गे वसईला पोचला. ३१ डिसेंबरला तह झाला. चिमाजी अप्पांच्या स्मारकाकडून निघून मी बंदर दरवाजापर्यंत चालत गेले. त्या तहाबद्दल एकही फलक मला दिसला नाही. दरवाजाबाहेर कोळणी जाळ्यावर वाळत घातलेली मासळी पालथी करत होत्या.

तिथेच कठड्यावर बसून मामांना कलमं वाचून दाखवली. इंग्रजांच्या सहा पलटणी पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार, त्यांच्या खर्चापोटी २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही, निजाम आणि गायकवाडांशी असलेल्या वादांत निवाडा इंग्रजांचा. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, सातबाऱ्यावर नाव राहिलं एवढंच. वहिवाट गेली की मालकी किती दिवस टिकते?"

शिंदे-भोसल्यांना हा तह मान्य नव्हता. त्यावरून युद्ध पेटलं आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने त्यांचा पराभव केला. हाच वेलस्ली १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ब्रिटनचा प्रतिनिधी होता. त्याच सुमारास हरलेल्या फ्रान्सला राजा परत मिळाला आणि जवळपास क्रांतीआधीच्या सीमाही राहिल्या. तीन वर्षांनी पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याच्या वाट्याला काय आलं, हे आठवलं की मला आजही त्रास होतो.

दादरला परत येऊन पुण्याची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी पहाटेच चतुःशृंगीच्या टेकडीवर गेलो. खडकीची लढाई समजायला याहून सोयीची जागा नाही, फक्त ऊन चढायच्या आत पोचा. समोर विद्यापीठाची झाडी म्हणजे गणेशखिंड, पलीकडे खडकी. लष्करी हद्दीकडे कॅमेरा वळवू नका.

१३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावाकडून मराठामंडळाचं प्रमुखपद सोडल्याचं लिहून घेतलं. दुसऱ्या दरबारात वकील ठेवायचा नाही, असंही कलम होतं. मला हे कलम सगळ्यात जिव्हारी लागतं. मुलूख पुन्हा जिंकता येतो, पण एकमेकांशी बोलायचंच नाही म्हटल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर आणि पुणे एकत्र उभे कसे राहणार? ५ नोव्हेंबरला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे स्वार या उतारावरून इंग्रजांवर चालून गेले, आणि पुढे दलदलीत घोडे रुतले. त्याच दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली; पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन, त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं त्यात गेली. १७ नोव्हेंबरला पुणं इंग्रजांच्या हातात होतं.

शनिवारवाडा तुम्ही पाहिलेला असणारच, तो सोडला तरी चालेल. विश्रामबागवाडा मात्र सोडू नका. हा खुद्द दुसऱ्या बाजीरावाने बांधला. रस्त्यावरूनच वर पाहा: सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, महिरपी, पाकळी न् पाकळी सुटी कोरलेली. आम्ही गेलो तेव्हा आतला काही भाग दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा आधी चौकशी करून जा. राज्य तैनाती फौजेच्या भरवशावर असताना हे नक्षीकाम चाललं होतं. कारागिरांच्या हातांचं मला मनापासून कौतुक वाटतं. धन्याबद्दल तसं म्हणवत नाही. संध्याकाळी पर्वती. शंभरावर पायऱ्या आहेत, पण रुंद आणि उताराच्या, सत्तरीतले मामा दोनदा थांबून चढले. इथूनच बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली. सकाळी आम्ही ज्या टेकडीवर होतो ती इथून दिसते. दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी मोजून बघा.

तिसऱ्या दिवशी स्वारगेटहून साताऱ्याची विनाथांबा एसटी घेतली. आधी संगम माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, काळ्या दगडाचे घाट, आणि सकाळी फारसं कोणी नसतं. ऑगस्ट १८१७ मध्ये इथे इंग्रज अधिकारी माल्कम बाजीरावाला भेटला आणि बाजीरावाच्या गोड बोलण्यावर विसंबून इंग्रजांनी तारण म्हणून घेतलेले सिंहगड, पुरंदर, रायगड परत देववले. मग गावात येऊन जुना राजवाडा, आणि तिथून चार भिंतींपर्यंत चढून जा. तिथे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि अख्खं सातारा पायाशी दिसतं.

२५ सप्टेंबर १८१९ चा तह मामांनी स्वतः वाचला, कारण त्यात चतुःसीमा होती. दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, उत्तरेला नीरा आणि भीमा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर आणि विजापूरचे परगणे. एवढं राज्य साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना दिलं, अट एकच मोठी: परक्या कोणाशीही इंग्रजांना वगळून व्यवहार नाही. महाराजांनी शहरात पाणी आणलं, रस्ते केले, शाळा काढली. १८३९ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. त्यांच्या बाजूने रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. चौदा वर्षं! अर्ज, भाषणं, छापील पत्रकं, कर्ज, आणि तरीही माघार नाही. आपल्या राजाची दाद मागायला परक्यांच्या राजधानीत चौदा वर्षं काढणाऱ्या या माणसासाठी साताऱ्यात तासभर जास्त थांबा. १८४८ मध्ये वारस नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. दत्तक वारस होता, तो मानला नाही.

कंदी पेढे मोती चौकातून घ्या आणि परतीची गाडी अंधार पडायच्या आत धरा. कारण एकच, शिरवळ सोडलं की जागं राहायचं आहे. पुढे नीरेचा पूल येतो, आणि सातारा जिल्ह्याची हद्द आजही तिथेच संपते. आमची गाडी पुलावर चढली तेव्हा मामांनी खिशातला कागद काढला, पेनाने "उत्तरेस नीरा" या शब्दांखाली रेघ मारली, आणि पात्रातलं पाणी दिसेनासं होईपर्यंत मागे वळून पाहत राहिले.